चार चाव्यांची कुंडी

सात हा आकडा कुणाचीच बाजू घेत नाही. पीएच सातच्या खाली आंबट, सातच्या वर अल्कधर्मी. बरोबर सातवर बसलेल्या पाण्याला स्वतःचं असं मत नसतं.

एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी सॅलड बंद झालं आहे. व्हिनेगर संपतंय म्हणे. परवाच आणलेलं.

एका शाळेत फळ्याखालच्या खोक्यातून खडूचे तुकडे गायब होतात. मुख्याध्यापिकेने दोन वर्ग ओळीने उभे करून चौकशी केली. मुलं निर्दोष निघाली. हे मुख्याध्यापिकेला चौकशीच्या आधीपासून माहीत होतं.

ट्रेडमिलवर चादरी फार छान वाळतात.

औषधांच्या दुकानातली रक्तवाढीच्या गोळ्यांची एक पट्टी कुणी विकत घेतली नाही, कुणी परतही केली नाही. ती नुसतीच नाही.

उरलेला चहा सिंकमध्ये ओतणं पाप आहे. (शेजारच्या मावशींचं मत.)

आता हे सगळं एका कुंडीत ओता आणि ढवळा.

६.१

कुंडी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे. कुंडीत अनंताचं झाड आहे, पांढऱ्या, दाट वासाच्या फुलांचं. ते आईने लावलं होतं. आई गेल्याला वर्ष होऊन गेलं, आणि तेव्हापासून त्या फ्लॅटमध्ये बाबा आणि अनंत असे दोघेच राहतात. दोघंही पिवळे पडायला लागलेत, असं दादाचं निरीक्षण.

बाबा पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. शहर जे पाणी प्यायचं ते आधी बाबांच्या चंचुपात्रात हजेरी लावून जायचं. अशा माणसाने बाथरूमचा नळ उघडा टाकून फिरायला जावं, यात एक प्रकारचं काव्य होतं. खालच्या मजल्याला काव्याची आवड नव्हती. त्यांच्या छताला तर अजिबातच नव्हती.

म्हणून तिन्ही मुलं बसली. बसली म्हणजे बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः भोवती उभी राहिली.

"बाबा, आम्ही तुम्हाला म्हातारे म्हणत नाहीये," ताई म्हणाली. ताई शाळेत मुख्याध्यापिका असल्यामुळे ती जे म्हणत नाही ते समोरच्याला अगदी स्पष्ट ऐकू येतं.

"मग काय म्हणताय?"

"एकटे म्हणतोय."

"नळ उघडा राहिला म्हणून मी एकटा झालो?"

"विषय बदलू नका हो," दादा म्हणाला. दादा रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कुठल्याही खोलीत शिरल्यावर त्याला आधी पडायच्या जागा दिसतात. त्याने आल्या आल्या पायपुसणं गुंडाळून कपाटात कोंबलं होतं. "सरळ आमच्याकडे या. खोली आहे."

"त्या खोलीत ट्रेडमिल आहे."

"हलवता येते ती."

"गेल्या वेळी चार माणसं लागली होती," छोटी पुटपुटली. छोटी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. ती भांडणात पडत नाही. ती घरी जाऊन रडते आणि मग फोन करून सांगते की ती रडली.

"मी कुठेही जाणार नाही," बाबा म्हणाले. "मला माझं सगळं येतं. मला काय येत नाही ते सांगा."

यावर तिघांनीही एकाच वेळी बाल्कनीकडे पाहिलं. अनंताची पानं पिवळट झाली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. एखाद्याचे कपडे विरून शिवण तेवढी उरावी तसं दिसत होतं.

ताईला परीक्षा घेतल्याशिवाय करमत नाही. ती म्हणाली, "ठरलं तर मग. आईचा अनंत सांभाळून दाखवा. या हंगामात त्याला फूल आलं, तर घर सोडायचा विषय पुन्हा कुणी काढणार नाही. नाही आलं, तर तुम्ही दादाकडे आणि हा फ्लॅट बंद."

"एका फुलावर?"

"एक पुरे."

"आणि कुणी मदत करायची नाही," दादाने पुस्ती जोडली. "मदत केली तर कळणार कसं, कुणाचं डोकं चालतंय ते?"

"कुणी म्हणजे कुणीच नाही," ताई म्हणाली.

"नाहीच करणार," छोटी म्हणाली.

बाबांनी कबूल केलं. मुलांना बरं वाटलं. घराच्या जास्तीच्या चाव्या तेवढ्या त्यांच्याकडेच राहिल्या, अडीनडीला असाव्यात म्हणून. एक ताईकडे, एक दादाकडे, एक छोटीकडे. चौथी शेजारच्या मावशींकडे, कारण अडीनडी आलीच तर ती सगळ्यांत आधी मावशींना कळते.

त्या दिवशी बाबांनी कुंडीतली चमचाभर माती काढली, डिस्टिल्ड पाण्यात कालवली, थोडा वेळ निवळू दिली आणि त्यात पीएच मीटरची कांडी बुडवली. ६.१. अनंताला याहून थोडी आंबट माती आवडते. थोडीच. बाबांनी ठरवलं, घाई करायची नाही. नळाचं पाणी अल्कधर्मी आहे, त्यात लिंबाचे चार थेंब. बस्स. बाकी झाड आपलं बघून घेईल.

ही योजना उत्तम होती. तिच्यात एकच दोष होता, की ती एका कुटुंबात राबवायची होती.

घड्याळाबद्दल थोडं

या घरात कुणी कुणाची चूक तोंडावर सांगत नाही. तोंडावर सांगणं म्हणजे उद्धटपणा. चूक मागून, गुपचूप दुरुस्त करायची, ही इथली माया.

मुलं शाळेत होती तेव्हा दादाला उठायला उशीर व्हायचा. आईने भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं, कुणाला न सांगता. ताईच्या ते लक्षात आलं. तिने पाच मिनिटं मागे केलं, कुणाला न सांगता. बाबांनी रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, त्यांना ते बरोबर दिसलं. पण दादा घड्याळ मागे करतो असा त्यांचा पक्का संशय होता, म्हणून त्यांनी खबरदारी म्हणून दहा मिनिटं पुढे केलं. छोटीला घड्याळ बघता येत नव्हतं, तरी तिने स्टुलावर चढून काटे फिरवून घेतले. सगळे करतात तर आपणही. पुढे काही महिने ते घड्याळ कुठल्या देशाची वेळ दाखवत होतं हे देवालाच ठाऊक, पण घरात एकदाही भांडण झालं नाही.

४.४

पाणी घालायची बाबांची पद्धत: पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवायचं. सकाळी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला ओल लागली तर बादली तशीच ठेवून चहा प्यायला जायचं. कोरडं लागलं तर हळूहळू पाणी घालायचं, खालच्या भोकातून येईपर्यंत, आणि थाळीत साचलेलं पाणी काढून टाकायचं. झाडाला पाय पाण्यात सोडून बसायला आवडत नाही.

पाणी घालायची छोटीची पद्धत: येताना जिन्यातच वाटतं, आज बाबा विसरले असणार. घालून टाकू. बोट कशाला घालायचं, नखात माती जाते.

दादाची पद्धत वेगळी होती. दादा झाडांबद्दल फोनवर वाचायचा. फोनने त्याला सांगितलं होतं की अनंत आम्लप्रिय आहे. 'प्रिय' या शब्दाचा दादाने मनापासून अर्थ घेतला. शनिवारी बाबा वाचनालयात जातात तेव्हा तो चावीने दार उघडून आत आला, कारखान्यातले जाड हातमोजे घातले (सुरक्षा आधी), मग्यात पाऊण मगा व्हिनेगर आणि वर थोडं पाणी घेतलं आणि अनंताला पाजलं. जाताना त्याने फ्रीज उघडून पाहिला. कुणी पाहिलं असतं तर आपण दूध आहे का ते बघायला आलो होतो, असं म्हणता यावं म्हणून. कुणी पाहिलं नव्हतं, पण दादा सगळ्या शक्यता धरून चालतो.

दादाने हे का केलं? बाबांनी परीक्षा हरावी असं त्याला वाटत होतं का? छे. बाबा हरले तर ट्रेडमिल हलवावी लागणार होती, आणि चादरी वाळवायला घरात दुसरी जागा नव्हती. शिवाय त्याचं बाबांवर प्रेमही होतं. यातलं आधी कुठलं आणि नंतर कुठलं, हे त्याने कधी तपासून पाहिलं नाही.

रविवारी बाबांनी माती कालवली. ४.४.

त्यांनी कांडी धुतली, पुसली, चारच्या आणि सातच्या प्रमाणित द्रावणांत बुडवून मीटर तपासला. मीटर चोख होता. पुन्हा मोजलं. ४.४.

"चार थेंबांनी?" बाबा अनंताला म्हणाले.

८.०

हा आकडा ताईचा.

ती बुधवारी शाळेतून परस्पर आली. बाबा दुपारचे झोपले होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मीटर तसाच पडलेला, शेजारी कपात चिखल. ताईने स्वतः कांडी बुडवली. शिक्षकाला दुसऱ्याचा पेपर उघडा दिसला की राहवत नाही. चारच्या आसपास काहीतरी आलं. ताईला शेजारची लिंबाची बाटली दिसली. म्हणजे बाबांनी लिंबू घातलं, घातल्याचं विसरले, पुन्हा घातलं, पुन्हा विसरले. नळासारखंच.

त्यांना उठवून विचारावं, असं तिला एकदा वाटलं. पण मग ते ओशाळतील. त्यापेक्षा मागून निस्तरलेलं बरं. खडू आंबटपणा मारतो, हे तिला सहावीच्या विज्ञानातून आठवत होतं. दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून खडूचे तुकडे आणले, बाबांच्याच खलबत्त्यात कुटले आणि ती पांढरी पूड वरच्या मातीत नीट मिसळली. थोडी पूड तिच्या बाहीला लागली. शिक्षिकेच्या बाहीला खडू लागलाय म्हणून संशय घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

तिलाही बाबांनी जिंकायला हवं होतं. परीक्षा तिने काढली होती. निकालही तिलाच वाचून दाखवावा लागणार होता.

शनिवारी पुन्हा व्हिनेगर. सोमवारी पुन्हा खडू, आता थोडा जास्त, कारण तिच्या मते बाबांचा विसरभोळेपणा वाढत चालला होता. अधूनमधून छोटी. छोटी पाणी तर घालायचीच, वर रक्तवाढीच्या दोन गोळ्या कुटून टाकायची. पिवळेपणा म्हणजे लोह कमी; गर्भारणीला देतो तेच झाडाला द्यायचं, फक्त झाड उलटी करत नाही हा फायदा. आणि रोज संध्याकाळी, बाबा फिरायला गेले की, मावशी. मावशी पीएच वगैरे मानत नव्हत्या. त्यांच्याकडे चहा उरायचा आणि चावी होती.

बाबांचे आकडे असे चालले: चार पॉइंट चार, आठ, पाच पॉइंट दोन, सात पॉइंट सहा, पुन्हा चार पॉइंट काहीतरी. प्रयोगशाळेतल्या नोकरीत एखाद्या नदीने असं वागून दाखवलं असतं तर बाबांनी तिथे पोलीस पाठवले असते.

ग्रुपचं नाव 'आपले बाबा'. सभासद तीन. त्यांत बाबा नाहीत.

ताई: कुणी गेलं होतं का घरी?

दादा: मी नाही. मला वेळ कुठे असतो.

छोटी: मी पण नाही ☹️

ताई: मीही नाही. सहज विचारलं.

दादा: फोनवर सांगत होते मातीचा पीएच आठ झाला. आणि आधी चार होता म्हणे.

छोटी: असं होऊ शकतं?

दादा: अगं कसं होईल. माती आहे, शेअर बाजार नाही.

ताई: आकडे मनाने सांगतायत असं वाटतं मला.

दादा: मी म्हटलं लिहून ठेवत जा. तर म्हणतात, आयुष्यभर लिहिलं, आता डोक्यात ठेवतो.

ताई: तेच तर. डोक्यात.

छोटी: मी रडले आत्ता.

७.६

बाबांनी तिघांनाही विचारलं. हे लक्षात ठेवायला हवं. ते मागून काही करायला गेले नाहीत. या घरात आयुष्य काढूनही त्यांनी त्या वेळी तोंडावर विचारलं.

"काय गं," त्यांनी ताईला फोन केला, "तू कुंडीत काही घातलंस का?"

"मी? नाही हो बाबा. कुणी मदत करायची नाही असं ठरलंय ना आपलं."

"नाही, रागावत नाहीये मी. घातलं असशील तर नुसतं सांग."

"नाही घातलं. का?"

"काही नाही. आकडा जरा वर आलाय."

ताईने फोन ठेवला आणि तिला स्वतःचा अभिमान वाटला. हो म्हटलं असतं तर बाबा परीक्षेत नापास झाले असते. म्हणजे ती त्यांच्यासाठीच खोटं बोलली होती. दादाही त्यांच्यासाठीच खोटं बोलला. छोटी त्यांच्यासाठी खोटं बोलली आणि नंतर अर्धा तास रडली, अर्थात त्यांच्यासाठीच. मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, मी कशाला हात लावू तुमच्या झाडाला? मला त्यातलं काय कळतं?" यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

बाबा बाल्कनीत स्टुलावर बसले. त्यांच्यापुढे आता दोनच शक्यता होत्या. एक, आपली तिन्ही मुलं आणि एक शेजारीण असे चार जण ओळीने खोटं बोलले. दुसरी, आपणच कुंडीत काहीबाही घालतो आणि विसरतो. बाबा शास्त्राचे माणूस. ज्याला कमी गृहीतकं लागतात ते स्पष्टीकरण त्यांनी स्वीकारलं.

त्यानंतर ते बदलले. नळ बंद केला की परत जाऊन हात लावून बघायचे. गॅस बंद केला की स्वतःला मोठ्याने सांगायचे, "गॅस बंद केला." कुलूप लावून खाली उतरायचे, पुन्हा जिना चढायचे. लिंबाची बाटली त्यांनी माळ्यावर टाकली आणि स्टूल मावशींकडे ठेवायला दिलं, आपल्या नकळत आपला हात तिथे पोचू नये म्हणून. रात्री झोपताना बाल्कनीच्या दाराच्या कडीला दोरा बांधायचे. सकाळी दोरा शाबूत असायचा. तरी आकडा बदललेला. मग आपण दोराही सोडून परत बांधत असू, असं ते स्वतःशी म्हणायचे.

एकदा मावशी नेहमीपेक्षा लवकर, दुपारीच, चहाचं पातेलं घेऊन आत आल्या तर बाबा सोफ्यावर जागेच होते. पातेलं पदराआड गेलं.

"वहिनी," बाबा म्हणाले, "एक विचारू? मी काल तुमच्याशी बोललो होतो का?"

"बोललात की. मतदारयादीबद्दल."

"तेच म्हणालो होतो ना मी? मतदारयादी?"

"तेच. असं का विचारताय?"

"खात्री करून घेतो," बाबा म्हणाले.

मावशींनी त्या दिवशी चहा सिंकमध्ये ओतला. मग त्यांना चैन पडेना म्हणून संध्याकाळी त्यांनी कुंडीत जास्तीचा ओतला.

हंगाम संपायच्या कितीतरी आधी बाबांनी दादाला फोन केला.

"खोली रिकामी कर."

"बाबा, अजून वेळ आहे. फूल येईल कदाचित."

"फुलाचं राहू दे. फूल आलं तरी येतो मी. मला आता माझ्यावर सोडू नका."

दादाने खोलीच्या दारातून ट्रेडमिलकडे पाहिलं. मग म्हणाला, "ट्रेडमिलला माणसं बघायला लागतील." तो हळहळला की हिशोब करत होता, हे सांगता येत नाही. बहुतेक एकाच वेळी दोन्ही करत होता. माणसाला जमतं ते.

मोजलं नाही

सामान बांधायला सगळे रविवारी आले. ताईने खोक्यांवर नावं घालायला मार्कर आणला होता. दादाने पाठीला पट्टा बांधला होता. छोटी डोळे सुजवूनच आली, वेळ वाचावा म्हणून. मावशी दारात उभ्या होत्या, कारण जागा तिथेच चांगली असते. बाबा भरलेल्या सूटकेसवर बसले होते आणि खिशातले चष्मे मोजत होते. एकच होता. त्यांनी तो पुन्हा मोजला.

छोटी बाल्कनीतले वाळलेले कपडे काढायला गेली आणि किंचाळली.

दादा पहिला धावला. त्याला अपघात वाटला.

अनंताची पानं हिरवी होती. नुसती हिरवी नव्हे, पॉलिश केल्यासारखी. कधी झाली ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक जण इतके दिवस घाईघाईत आणि मातीकडेच बघत आला होता. आणि मागच्या बाजूला, कठड्याकडे तोंड करून, एक फूल होतं. पूर्ण उमललेलं. कुठल्याही बागेच्या पुस्तकाप्रमाणे ते झाड एव्हाना मेलेलं असायला हवं होतं. आंबटाने खडूला खाल्लं होतं, खडूने आंबटाला. मधल्या मधे, कुणाचं लक्ष नसताना, अनंताने आपलं काम उरकून घेतलं होतं.

सगळे कठड्याशी वाकून फुलाकडे बघत राहिले. हा क्षण फार सुंदर होता. तो टिकणार नव्हता.

"मला माहीतच होतं," दादा म्हणाला. "अनंताला आम्ल लागतं म्हणजे लागतं."

"तुला काय माहीत?" ताईने विचारलं.

"माहीत म्हणजे... मग व्हिनेगर कुणी घातलं इतके दिवस?"

"व्हिनेगर?" ताईचा मार्कर खाली पडला. "तू व्हिनेगर घालत होतास? अरे गाढवा, मग मी शाळेतला खडू कुटून कुटून घालत होते तो कशावर?"

"खडू? ताई, अनंताला खडू? मारायचं होतं का तुला त्याला?"

"मी होते म्हणून जगलं ते! तुझ्या हातात दिलं असतं तर लोणचं झालं असतं त्याचं."

"एक मिनिट, एक मिनिट," छोटी मधे पडली. भांडणात पडण्याची तिची ही पहिलीच वेळ. समोर श्रेय दिसत होतं. "पानं हिरवी कशाने होतात? लोहाने. गोळ्या कुणी घातल्या? मी. आणि पाणीसुद्धा मीच घालत होते, दर वेळी."

"दर वेळी म्हणजे?"

"येईन तेव्हा."

"आम्ही दोघांनी नाही का पाणी घातलं मग? व्हिनेगर काय कोरडं घालतात?" दादा म्हणाला.

"आणि चहाचं काय?" दारातून मावशी म्हणाल्या. "माझा चहा कुणी धरतच नाहीये."

कबुलीजबाब इतक्या उत्साहाने दिलेले क्वचितच कुणी ऐकले असतील. प्रत्येक जण पुढे सरसावून आपला गुन्हा सांगत होता आणि दुसऱ्याचा कमी करून दाखवत होता. बाबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग ते सूटकेसवरून उठले.

"किती?" त्यांनी दादाला विचारलं.

"काय किती?"

"व्हिनेगर. झाकणभर की मगाभर?"

"पाऊण मगा. वर पाणी होतं बाबा, सुरक्षित प्रमाण होतं."

"कुठल्या वारी?"

"शनिवारी. तुम्ही वाचनालयात असता तेव्हा."

"आणि तू?"

"सोमवारी," ताई म्हणाली. तिचा आवाज आता मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "कधी गुरुवारी."

बाबांचे ओठ हलत होते. ते कुणाकडेही बघत नव्हते. मग म्हणाले, "म्हणजे चार पॉइंट चार आलं होतं ते चार पॉइंट चारच होतं."

"कुठलं हो?"

"आणि आठ, ते आठच होतं. पाच पॉइंट दोन. सात पॉइंट सहा. चार पॉइंट सात." ते एकेक आकडा अंगावरचा कोट काढून खुंटीला लावावा तसा बाजूला ठेवत होते. "सगळे बरोबर होते."

"तुम्हाला सगळे आठवतात?" छोटीने विचारलं.

"सगळे. तेच तर वाईट होतं."

माफी कुणीच मागितली नाही. त्या घरात तशी पद्धत नव्हती. ताईने न विचारता एक खोका उघडला आणि त्यातली भांडी परत फळीवर लावायला सुरुवात केली, चुकीच्या फळीवर. दादा पाठीचा पट्टा सोडायला लागला आणि त्याचा तो चर्रर्र आवाज खोलीभर झाला.

"भांडी राहू दे," बाबा म्हणाले. "आधी चाव्या."

"कसल्या चाव्या?"

"या घराच्या."

"बाबा, असं काय करता? आम्ही तुमच्यासाठीच केलं सगळं."

"मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारलं होतं. तिघांनाही विचारलं होतं फोन करून, आणि वहिनींना समोर." बाबा मोठ्याने बोलत नव्हते. "मी दाराला दोरा बांधून झोपत होतो. कळतंय का तुम्हाला? मी स्वतःला कोंडत होतो."

दादाला पडायची एक जागा आठवली आणि तो म्हणाला, "आणि बाथरूममध्ये पडलात तर?"

"फोन करीन."

"आणि फोन करता आला नाही तर?"

"तर दार फोडा. दार फोडताना आवाज होतो. मला कळेल तरी कुणी आलंय."

छोटीने पहिली दिली, आणि रडली नाही. मावशींनी पदराच्या गाठीतून काढून दिली आणि पुटपुटल्या की चहा तर वाईट नव्हता. दादाने आपल्या जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली, मग कडेला होती म्हणून मधे सरकवली. ताईची चावी कडीत घट्ट बसली होती. तिने नखाने कडी उघडायचा प्रयत्न केला, नख तुटलं, तिने दुसरं लावलं. बाबा हात पुढे करून उभे राहिले. त्यांनी तिला मदत केली नाही.

त्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आधी, बाबांनी अनंताला दोनदा पाणी घातलं होतं; दुसऱ्यांदा घातलं तेव्हा पहिल्या वेळचं पाणी थाळीत तसंच होतं.